बीडहून जहाजापर्यंत: व्यापारी नाविकांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा आढावा

बीड शहरापासून मुंबई बंदर सडकेने सुमारे चारशे किलोमीटर आहे. दहावी-बारावी झालेल्या इथल्या मुलांपुढच्या वाटा ठरलेल्या असतात. पोलीस भरती, सैन्य भरती, आयटीआय, डी. फार्म., नाहीतर पुण्या-चाकणकडची कंपनी. त्यांत ‘मर्चंट नेव्ही’ हे नाव आता ऐकू येते, पण बऱ्याच घरांत ते नौदलाच्या भरतीचाच एखादा प्रकार समजले जाते. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू, तेलवाहू आणि प्रवासी जहाजांवरची नोकरी. इथे सरकारी भरतीची जाहिरात निघत नाही, मैदानी चाचणीची धाव नसते आणि आयुष्यभराचे निवृत्तिवेतनही नसते. कंपनी काही महिन्यांच्या कराराने माणूस घेते, करार संपला की तो घरी येतो आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहतो. या नोकरीचे दार प्रमाणपत्रांनी उघडते आणि ती प्रमाणपत्रे कोणी, कशी, किती खर्चात द्यायची यावर गेली शंभर वर्षे चर्चा चालू आहे.

आज वादाचे मुद्दे तीन आहेत. प्रशिक्षणाच्या जागा किती असाव्यात, शिक्षणाचा दर्जा कोणी राखावा आणि शिकून बाहेर पडलेल्या मुलाला पहिले जहाज मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची. या चर्चा मुंबई, दिल्ली, लंडन आणि जिनिव्हाच्या दालनांत होतात. त्यांतल्या निर्णयांचा सर्वाधिक भार मात्र ज्या घरातून आजवर कोणी बोटीवर गेलेले नाही अशा घरावर पडतो. म्हणून हा आढावा बीडच्या बाजूने घेतला आहे.

मागची वाट

मुंबई बंदरातल्या आगबोटींवर एकोणिसाव्या शतकापासून जे खलाशी जात, ते मुख्यतः कोकणातले, गोव्यातले आणि दमण-दीवकडचे. रत्नागिरीकडची माणसे डेकवर, गोव्याची माणसे भटारखान्यात आणि सलूनमध्ये, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हातून होई. तो आपल्या गावचे, नात्यातले लोक घेई आणि काम लावून दिल्याबद्दल त्यांच्याकडून पैसेही घेई. गोव्याच्या गावांनी मुंबईत ‘कूड’ चालवले होते. बोटीची वाट पाहणारा गावकरी तिथे स्वस्तात राहू शकत असे. म्हणजे ओळख ही पहिली पात्रता होती आणि बंदरावर टिकून राहण्याची सोय ही दुसरी. मराठवाड्याकडे दोन्ही नव्हते. तो तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याला किनाराच नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला, तोवर कोकणातल्या कित्येक घरांत बोटीवरची तिसरी पिढी नांदत होती.

अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. ब्रिटिश काळात जहाजावरचे अधिकारपद हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होते. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या कंपनीच्या संस्थापकांतले वालचंद हिराचंद सोलापूरचे होते, हे समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हिंदी जहाजे आली तरी ती चालवायला हिंदी अधिकारी हवे होते. त्या मागणीतून १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ मध्ये ‘चाणक्य’ने. ‘चाणक्य’ हे नावापुरतेच जहाज. ती नवी मुंबईतली जमिनीवरची संस्था आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम आपल्याकडे घेतले. १९४८ मध्ये मुंबईत नौकानयन व अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच पुढे लालबहादूर शास्त्री महाविद्यालय झाले. पुढच्या वर्षी सागरी अभियंत्यांसाठी स्वतंत्र संचालनालय आले. खलाशांसाठी ‘भद्रा’, ‘मेखला’ आणि ‘नौलक्षी’ ही तीन प्रशिक्षण जहाजे कलकत्ता, विशाखापट्टणम आणि गुजरातेतल्या नवलखीला होती. १९५८ च्या व्यापारी जहाजवाहतूक कायद्याने सगळी चौकट बांधली. १९९० च्या दशकात खाजगी संस्थांना दार उघडले आणि चित्र पालटले. २००८ मध्ये चेन्नईला मुख्यालय असलेले भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले आणि जुन्या सरकारी संस्था त्याच्या छत्राखाली आल्या.

खाजगी संस्था आल्यावर आणखी एक बदल घडला, त्याची चर्चा फारशी होत नाही. शिक्षण किनारा सोडून घाटाकडे सरकले. तळेगावजवळ इंदुरीला १९९८ मध्ये तोलानी संस्था उभी राहिली. लोणी काळभोरला ‘मॅनेट’, लोणावळ्यात दोन मोठ्या संस्था, कर्जतला एका जहाज-व्यवस्थापन कंपनीची अकादमी. समुद्राशेजारी राहणे ही आता अट राहिलेली नाही. पोहण्याचा तलाव, आग विझवण्याच्या सरावाची जागा, इंजिनाची कार्यशाळा आणि सिम्युलेटर असले की शिक्षण डोंगरातही होते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत पहिली रेल्वे धावली. त्या रेल्वेच्या नकाशावर पाहिले तर ही सगळी ठिकाणे बीडच्याच वाटेवर पुढे आहेत. अंतर राहिले आहे ते माहितीचे आणि पैशाचे.

कागद कोणते आणि कशासाठी

१९६७ मध्ये ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि हजारो टन कच्चे तेल समुद्रात सांडले. या अपघाताने नाविकांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष वेधले, कारण त्या काळी प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने नाविक घडवत होता. एका देशाचे प्रमाणपत्र दुसऱ्या देशात काय मोलाचे, हे कुणाला सांगता येत नव्हते. त्यातून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९७८ मध्ये नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि पहारा यांचे किमान निकष ठरवणारा करार केला. जहाजावरचे लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एसटीसीडब्ल्यू’ म्हणतात. तो १९८४ मध्ये लागू झाला, १९९५ मध्ये मुळापासून बदलला आणि २०१० मध्ये मनिलाला पुन्हा सुधारला गेला. बीडचा मुलगा आणि मनिलाचा मुलगा एकाच जहाजावर, एकाच पहाऱ्यावर उभे राहू शकतात ते या करारामुळे. भारतात त्याची अंमलबजावणी मुंबईतले जहाजवाहतूक महासंचालनालय करते. सगळे त्याला ‘डीजी शिपिंग’ म्हणून ओळखतात.

आत शिरायच्या वाटा साधारण अशा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के गुण असतील तर अधिकारी होण्याच्या वाटेने जाता येते. डेकसाठी एक वर्षाची नौकानयन पदविका, म्हणजे डीएनएस, किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. इंजिनसाठी चार वर्षांची सागरी अभियांत्रिकीची पदवी. प्रवेशासाठी सागरी विद्यापीठाची सामाईक परीक्षा द्यावी लागते. यांत्रिकी अभियंता झालेल्यांना वेगळा छोटा अभ्यासक्रम आहे, विद्युत शाखेवाल्यांना त्याहून छोटा. बीड, अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन विद्यार्थ्यांना ही मागून शिरायची वाट क्वचितच कुणी सांगते, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख. दहावीनंतर जायचे तर सहा महिन्यांचा निवासी ‘जीपी रेटिंग’ अभ्यासक्रम असतो. दहावीला विज्ञान, गणित, इंग्रजी हे विषय आणि ४० टक्के गुण लागतात. त्यातून डेकवर वा इंजिनरूममध्ये खलाशी म्हणून काम मिळते. जहाजावरच्या स्वयंपाकासाठीचा अभ्यासक्रम निराळा.

सगळ्यांना लागू असलेल्या गोष्टी म्हणजे वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षेचे मूलभूत अभ्यासक्रम. डेकवर जाणाऱ्याला रंगअंधत्व चालत नाही, कारण रात्री समोरचे जहाज कुठल्या बाजूला वळते आहे ते त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरूनच कळते. नजरही चष्म्यावाचून चांगली लागते. ही तपासणी फी भरण्याआधी, महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून करून घ्यावी. नंतर कळले तर पैसे गेलेले असतात. मग पाण्यात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जहाजाची सुरक्षाव्यवस्था असे छोटे अभ्यासक्रम. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या आपल्याकडच्या पोराला पाण्याची भीती नसते, ही त्याची जमेची बाजू. जीवरक्षक जॅकेट घालून उंचावरून उडी मारणे आणि उलटलेला तराफा सरळ करणे हे मात्र त्यालाही शिकावेच लागते.

याशिवाय लागतात ‘इंडोस’ हा नाविकाचा नोंदणी क्रमांक आणि ‘सीडीसी’ ही नाविकाची नोंदवही. कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, हे सीडीसीत नोंदले जाते. बोलीभाषेत चढण्याला ‘साइन ऑन’ आणि उतरण्याला ‘साइन ऑफ’ म्हणतात. पालकांच्या मनात सर्वांत मोठा घोटाळा याच वहीवरून होतो. सीडीसी मिळाली म्हणजे नोकरी लागली, असे धरून चालतात. वस्तुतः ती फक्त ओळख आणि नोंद आहे. अधिकाऱ्याचे खरे प्रमाणपत्र म्हणजे ‘सीओसी’, सक्षमतेचे प्रमाणपत्र. त्यासाठी संस्थेतले शिक्षण निम्मेच. डीएनएसवाल्याला वर्षभर शिकून वर अठरा महिने जहाजावर कॅडेट म्हणून काढावे लागतात, बी.एस्सी.वाल्याला बारा, सागरी अभियंत्याला सहा. मग मुंबईच्या सागरी विभागात लेखी आणि तोंडी परीक्षा. जहाजावरचा काळ भरला नाही तर परीक्षेला बसताच येत नाही. सगळी मेख इथेच आहे.

पहिले जहाज

‘बिम्को’ या जहाजवाहतूक संघटनेच्या आणि आंतरराष्ट्रीय जहाजमालक संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात ७४ हजारांहून अधिक व्यापारी जहाजांवर १८.९ लाख नाविक काम करतात आणि २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील. भारत हा नाविक पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांतला. केंद्र सरकारच्या ‘मेरिटाइम इंडिया व्हिजन २०३०’मध्ये जगातल्या नाविकांत भारताचा वाटा २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट आहे. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये १.१७ लाख असलेली भारतीय नाविकांची संख्या २०२३ पर्यंत २.८ लाखांवर गेली. विस्ताराच्या बाजूने बोलणारे हे आकडे पुढे ठेवतात. जगाला माणसे हवीत, आपल्याकडे तरुण आहेत, बेकारी आहे, मग जागा वाढवा, असे त्यांचे म्हणणे आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे. बीडसारख्या जिल्ह्याला तो लगेच पटतो, कारण इथे पर्याय थोडे आहेत.

दुसरी बाजू नाविकांच्या संघटना आणि काही अनुभवी कप्तान मांडतात. त्यांच्या मते तुटवडा आहे तो सीओसी हातात असलेल्या आणि काही वर्षे समुद्रावर काढलेल्या अधिकाऱ्यांचा, विशेषतः टँकर आणि वायुवाहू जहाजांवरच्या. नवशिक्यांचा तुटवडा कधीच नव्हता. एका मोठ्या मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात. त्यांत कॅडेटसाठी खोल्या एक-दोनच. कॅडेटवर खर्च होतो, लक्ष द्यावे लागते आणि शिकून तो दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतो. म्हणून कंपन्या हात आखडता घेतात. भारताच्या ध्वजाखाली जहाजे कमी आहेत. बहुतेक भारतीय नाविक परदेशी जहाजांवर जातात, म्हणजे खोली द्यायची की नाही हा निर्णय भारताबाहेरचा मालक घेतो. अशा स्थितीत जागा वाढवल्या तर संस्थांची फी वाढते आणि घरी बसलेल्या मुलांची संख्याही.

दोन्ही बाजू खरे बोलतात, असे मला वाटते. वरच्या पायरीवर माणसे कमी पडतात आणि खालच्या पायरीवर रांग लागते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, कारण मधली पायरी अरुंद आहे. ती रुंद करायला वर्गखोली उपयोगाची नाही, जहाजावरचा पलंग लागतो.

त्यावर उपाय सुचवणाऱ्यांचा तिसरा गट आहे. प्रवेशसंख्या जहाजावरच्या जागांशी बांधा, असे तो म्हणतो. २००४ पासून टनेज कराची, म्हणजे जहाजाच्या आकारमानावरून ठरणाऱ्या कराची, सवलत घेणाऱ्या भारतीय कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात प्रशिक्षणार्थी अधिकारी घेण्याची अट आहे. ती या विचारातलीच. कंपन्यांच्या स्वतःच्या अकादमी त्याहून पुढे जातात. त्या आधी स्वतःच्या परीक्षेतून मुले निवडतात आणि शिक्षण संपल्यावर आपल्याच जहाजांवर घेतात. संस्थेच्या दारातून आत जाण्याआधीच जहाज ठरलेले असते. घरच्यांसाठी याहून निर्धोक वाट नाही. पण या जागा थोड्या, मुलाखती महानगरांत आणि इंग्रजीतून. शिवाय सक्ती फार ताणली तर जागा ‘मिळवून देण्याची’ किंमत फीमध्ये लपते, ही शंकाही रास्त आहे.

रेटिंगवाल्यांची, म्हणजे खलाशांची, परवड अधिकाऱ्यांपेक्षा मोठी. परदेशी मालकाला खलाशी फिलिपिन्स, इंडोनेशिया, म्यानमार कुठूनही मिळतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्षम खलाशासाठी ठरवलेले किमान मूळ वेतन २०२५ मध्ये महिन्याला ६७३ डॉलर होते. रुपयांत साधारण पंचावन्न-साठ हजार. माजलगावच्या किंवा गेवराईच्या घराला हा आकडा मोठाच आहे. पण नवशिका खलाशी लगेच या पायरीवर पोचत नाही आणि दोन करारांमधल्या महिन्यांत बहुतेकांना पगार नसतो, हे जाहिरातीत येत नाही.

दलाल, उचल आणि कायदा

पायरी अरुंद असली की तिच्याशी दलाल उभा राहतो. बीडकरांना हे नव्याने सांगायला नको. ऊसतोडीत मुकादम उचल देतो आणि कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, हंगामभर बांधून ठेवतो. जहाजाच्या बाबतीत पैशाची दिशा उलटी आहे. इथे एजंटच घरच्यांकडून उचलतो. शेत गहाण पडते, कधी दागिने, कधी सोसायटीचे कर्ज. दोन्हींत साम्य एवढे की काम मिळण्याआधीच घर कर्जात असते आणि ज्याने काम दिले त्याच्याविरुद्ध बोलायची हिंमत उरत नाही.

यावर कायदा कधीचा आहे? १९२० मध्ये जिनोआला भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एक करार केला. खलाशांना नोकरी लावून देण्याचा धंदा नफ्यासाठी करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने खलाशीभरतीतल्या सारंग-दलालांच्या व्यवहाराची चौकशी केली. दशके उलटली. २००६ च्या सागरी कामगार कराराने, जो भारताने २०१५ मध्ये मान्य केला, तेच तत्त्व पुन्हा घातले. नाविकाने स्वतःच्या खिशातून भरायचे ते पासपोर्ट, नोंदवही आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचे पैसे. नोकरी लावण्याची फी त्याच्याकडून घेता येत नाही. भारतात भरती करणाऱ्या प्रत्येक कंपनीला महासंचालनालयाचा परवाना लागतो. व्यवसायात त्याला ‘आरपीएसएल’ म्हणतात. परवानाधारकांची आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तालुक्याच्या गावातल्या सेतू केंद्रातूनही ती पाहता येईल.

तरीही फसवणूक होते आणि तिची रीत ठरलेली आहे. मान्यता नसलेल्या वर्गात काही आठवड्यांचे ‘प्रशिक्षण’. मग एखाद्या लहानशा देशाच्या नावाची नोंदवही, जी भारतात चालत नाही. मग पर्यटक व्हिसावर आखातात किंवा इराणकडे रवानगी आणि तिथे जुनाट, विमा नसलेले लहान जहाज. फेब्रुवारी २०२० मध्ये इराणमध्ये एका जहाजावरून अमली पदार्थांच्या प्रकरणात पाच भारतीय तरुण खलाशी पकडले गेले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, तरी परतीच्या कागदपत्रांसाठी त्यांना तिथेच ताटकळावे लागले. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदींप्रमाणे २०२४ मध्ये ३१२ जहाजे मालकांनी वाऱ्यावर सोडली. त्यांवर ३,१३३ नाविक होते आणि त्यांत सर्वाधिक, ८९९, भारतीय. २०१७ पासून अशा नाविकांसाठी मालकाने आर्थिक हमी ठेवणे सागरी कामगार कराराने बंधनकारक केले आहे. चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च त्यातून मिळतो. पण ज्या जहाजाला विमाच नाही, त्यावरच्या मुलाला या हमीचा उपयोग नाही आणि दलालाच्या वाटेने गेलेला मुलगा नेमका अशाच जहाजावर असतो.

इथे मते फुटतात ती उपायावर. काहींना शिक्षा कडक हव्यात आणि तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात सहज नोंदली जायला हवी. काहींना वाटते की परवानाधारक कंपन्यांनी नवशिक्या खलाशांना घेतलेच नाही तर मुले दुसरीकडे जाणारच, म्हणून मूळ इलाज पुन्हा जहाजावरच्या जागांचाच आहे. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. मात्र तोवर पहिले थांबवून चालणार नाही.

दर्जा कोण राखणार

या मुद्द्यावर मतभेद कमी आहेत. महासंचालनालय संस्थांची सर्वंकष तपासणी करून त्यांना श्रेणी देते. रेटिंगच्या मुलांची अंतिम परीक्षा संस्थेने न घेता स्वतंत्र परीक्षा मंडळ घेते. युरोपीय सागरी सुरक्षा संस्था भारतासह अनेक देशांतल्या शिक्षणाची पाहणी करते. या पाहणीला किती वजन आहे, ते फिलिपिन्सच्या उदाहरणावरून कळते. तिथल्या प्रमाणपत्रांची युरोपातली मान्यता जाण्याच्या बेतात होती आणि मार्च २०२३ मध्ये, बऱ्याच सुधारणांनंतर, ती टिकली. मान्यता गेली असती तर हजारो अधिकाऱ्यांची युरोपीय जहाजांवरची वाट बंद झाली असती.

वाद आहे तो घोकंपट्टीचा. तोंडी परीक्षेची ठरावीक उत्तरे पाठ करून मुले उत्तीर्ण होतात आणि जहाजावर गेल्यावर झडप उघडता येत नाही, अशी तक्रार अधिकारी करतात. सिम्युलेटरवरची परीक्षा वाढवा, हा त्यावरचा उपाय. खर्च वाढेल, हा त्याला आक्षेप.

भाषा आणि मुली

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी इंग्रजी ही खरी भिंत आहे, पण तिची उंची समजून घेतली पाहिजे. जहाजावरचे बोलणे मोजक्या, ठरावीक वाक्यांत चालते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये अशा वाक्यांचा प्रमाण संच स्वीकारला आहे. ती इंग्रजी कोणालाही मेहनतीने सहा महिन्यांत येते. प्रवेश परीक्षेची आणि मुलाखतीची इंग्रजी मात्र निराळी, शहरी आणि मोकळी असते. जिल्ह्यातल्या भरती-अकादमींनी धावण्याच्या सरावाबरोबर बारावीच्या गणित-भौतिकशास्त्राची आणि या इंग्रजीची तयारी करून घेतली तर फरक पडेल, असे वाटते.

मुलींसाठी दार उघडे आहे. राधिका मेनन यांनी जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना वाचवले आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मार्च २०२१ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातून ‘स्वर्ण कृष्णा’ हे तेलवाहू जहाज केवळ महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाले. तरी मुलींना कॅडेट म्हणून घेणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत. जहाजावरचा छळ आणि लैंगिक त्रास रोखण्याचे शिक्षण १ जानेवारी २०२६ पासून मूलभूत प्रशिक्षणाचा सक्तीचा भाग झाले आहे. त्याने सोबतचे पुरुष किती बदलतात यावर पुढचे अवलंबून.

बदलते जहाज

जहाजांचे निव्वळ हरितगृह वायू उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे ध्येय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठेवले. मिथेनॉल, द्रवरूप नैसर्गिक वायू आणि अमोनिया ही इंधने येत आहेत. अमोनिया विषारी आहे. त्याची गळती झाली तर इंजिनरूममधल्या माणसाच्या हातात फार थोडा वेळ असतो. अशा इंधनांचे शिक्षण अजून सगळीकडे पोचलेले नाही आणि आज प्रवेश घेणारा मुलगा त्याच जहाजांवर नोकरी करणार आहे. प्रशिक्षणाच्या जागतिक कराराचाही मुळापासून फेरविचार सुरू झाला आहे. भारतात २०२५ मध्ये संसदेने नवा व्यापारी जहाजवाहतूक कायदा संमत केला. तो १९५८ च्या कायद्याची जागा घेणार असून त्याखालचे नियम भरती आणि प्रशिक्षणाला नेमके कसे लागू होतात, यावर पुष्कळ ठरेल.

जोखीम हा विषय अभ्यासक्रमात नीट बसलेला नाही. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल ‘डाली’ जहाजाच्या धडकेने कोसळला, तेव्हा जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीय होते. चौकशीपायी ते कित्येक महिने तिथे अडकले. त्याच काळात तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रे पडत होती. कोविडच्या काळात जगभरात सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजावर अडकले होते. अपघातानंतर आपले हक्क कोणते, युद्धक्षेत्रात जायला नकार देता येतो का, कोणाला फोन करायचा, हे मुलाला पहिल्या साइन ऑनच्या आधी शिकवले पाहिजे, ही संघटनांची मागणी आहे. ती मान्य करायला कोणाचा विरोध नाही, पण तासिका वाढवायला कोणी पुढे येत नाही.

न सुटलेले

पहिला प्रश्न माहितीचा. प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेने मागच्या तीन तुकड्यांतल्या किती मुलांना किती महिन्यांत जहाज मिळाले आणि त्यांतली परवानाधारक कंपन्यांमार्फत गेलेली किती, हे प्रवेशाआधी लेखी सांगावे, अशी मागणी अनेकदा होते. संस्थांचा आक्षेप असा की बाजार मंद असला तर चांगली संस्थाही वाईट दिसेल. आक्षेपात तथ्य आहे. तरीही अंबाजोगाईच्या पालकाला दोन संस्थांत निवड करायची असेल तर त्याच्यासाठी वसतिगृहाच्या फोटोपेक्षा तो आकडा मोलाचा.

दुसरा प्रश्न वाट पाहण्याच्या काळाचा खर्च कोणी सोसायचा, हा. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतात. ठरावीक रकमेच्या वर कर्ज हवे असेल तर हमी किंवा तारण मागितले जाते. डीएनएस पूर्ण केलेला मुलगा सहा-आठ महिने जहाजाची वाट पाहत घरी असेल, तर पहिला हप्ता येतो तेव्हा तो कॅडेटच्या तुटपुंज्या विद्यावेतनावर असतो आणि सीओसीच्या परीक्षेला अजून किमान वर्षभराचा काळ बाकी असतो. सागरी शिक्षणाच्या कर्जाची मुदत साइन ऑनच्या तारखेपासून मोजावी, हा प्रस्ताव साधा वाटतो. बँकांच्या दृष्टीने त्यात अडचण अशी की साइन ऑन कधी होईल हे कोणीच लिहून देत नाही, संस्था नाही, कंपनी नाही आणि महासंचालनालयही नाही.